आधी अटक, मग उपचार

अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात ब्रॉवर्ड नावाची काउंटी आहे. फोर्ट लॉडरडेल हे तिथलं मुख्य शहर. १९९७च्या जूनमध्ये तिथे एक वेगळं कोर्ट सुरू झालं. न्यायाधीश होत्या जिंजर लर्नर-रेन. नेहमीचं कामकाज सांभाळून जेवणाच्या सुट्टीत त्या हे कोर्ट चालवायच्या. समोर येणारे आरोपी किरकोळ गुन्ह्यांतले. कुणी दुकानातून खायची वस्तू उचललेली, कुणी दुसऱ्याच्या आवारात शिरून झोपलेला, कुणी रस्त्यात आरडाओरडा केलेला. यातल्या बहुतेकांना स्किझोफ्रेनिया, बायपोलर डिसऑर्डर असा एखादा गंभीर मानसिक आजार. 'गुन्हा कबूल आहे का?' यापेक्षा 'राहता कुठे? औषध चालू आहे का? डॉक्टरकडे शेवटचं कधी गेलात?' हे प्रश्न इथे महत्त्वाचे होते.

अशा कोर्टांना तिकडे 'मेंटल हेल्थ कोर्ट' म्हणतात. २००० साली अमेरिकी काँग्रेसने त्यांना मदत करणारा कायदा केला आणि आज देशभरात अशी शेकडो कोर्टं आहेत. कल्पना सोपी आहे. आजारी माणसाला तुरुंगात टाकून कुणाचंच भलं होत नाही. तेव्हा त्याला उपचारांना लावा, आणि ते नीट पार पडले की खटला मागे घ्या किंवा शिक्षा कमी करा.

यात वाद घालण्यासारखं काय आहे, असं कुणालाही वाटेल. मी मात्र एका शब्दापाशी अडते. या कोर्टात येणं 'ऐच्छिक' असतं. एका बाजूला तुरुंग, दुसऱ्या बाजूला गोळ्या, आणि मधे उभ्या असलेल्या माणसाला आपण विचारतो, 'बोला, तुमची मर्जी काय?' त्याच्या उत्तराला मर्जी म्हणायचं का?

माझ्यासाठी हा प्रश्न निव्वळ पुस्तकी नाही. का, ते पुढे सांगते. आधी हे कोर्ट चालतं कसं ते पाहू.

नेहमीच्या कोर्टात सरकारी वकील आणि बचावाचा वकील एकमेकांविरुद्ध उभे असतात. इथे दोघंही एका टीममध्ये असतात. सोबत केस मॅनेजर आणि उपचारांची बाजू सांभाळणारी माणसं. आरोपीसाठी एक आराखडा ठरतो: राहायचं कुठे, औषधं कुठली, समुपदेशन किती वेळा, दारू-ड्रग्जची तपासणी कधी. मग ठरावीक दिवसांनी न्यायाधीशासमोर हजेरी. सगळं नीट चालू असेल तर शाबासकी, कधी भर कोर्टात टाळ्या. टाळाटाळ झाली तर समज, जास्त वेळा हजेरी, आणि काही ठिकाणी थोडे दिवस कोठडीसुद्धा. सगळं पार पडलं की 'ग्रॅज्युएशन', सर्टिफिकेटसकट. मायामीत १९८९ साली व्यसनी आरोपींसाठी जे ड्रग कोर्ट सुरू झालं होतं, त्याच धर्तीवरची ही रचना आहे. डेव्हिड वेक्सलर आणि ब्रूस विनिक या कायद्याच्या दोन प्राध्यापकांनी यामागच्या विचाराला 'थेरप्युटिक ज्युरिसप्रूडन्स' असं नाव दिलं. कायद्याचा माणसावर औषधासारखा किंवा विषासारखा परिणाम होतच असतो, तेव्हा तो लक्षात घेऊन कायदा राबवावा, असं त्यांचं म्हणणं.

याचा उपयोगही दिसतो. सॅन फ्रान्सिस्कोतल्या कोर्टाचा २००७ साली आलेला अभ्यास आणि चार ठिकाणच्या कोर्टांचा २०११ साली आलेला अभ्यास, दोन्हींचा कल एकाच दिशेला होता: इथून गेलेली माणसं तशाच इतर आरोपींपेक्षा पुन्हा गुन्ह्यात कमी अडकली. फक्त एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. कुणाला आत घ्यायचं हे कोर्टच ठरवतं, आणि जो टिकेल असं वाटतं त्याला घेतलं जाण्याची शक्यता जास्त. आमच्या धंद्यात सांगायचं तर टेस्ट डेटा थोडा आधीच निवडलेला आहे. म्हणून निकालांवर विश्वास ठेवावा, पण जरा हातचं राखून.

*

ही माणसं मुळात कोर्टापर्यंत पोचतात कशी? १९५५ साली अमेरिकेच्या सरकारी मनोरुग्णालयांत सुमारे साडेपाच लाख माणसं होती. अनेक ठिकाणी अवस्था भीषण होती. दाटीवाटीचे वॉर्ड आणि वर्षानुवर्षं बाहेर न पडलेली माणसं. १९५४ साली क्लोरप्रोमॅझिन हे औषध तिथे वापरात आलं आणि रुग्ण घरी राहूनही बरे राहू शकतील अशी आशा निर्माण झाली. ३१ ऑक्टोबर १९६३ला अध्यक्ष केनेडी यांनी वस्त्यांजवळ मानसिक आरोग्य केंद्रं उभारण्याच्या कायद्यावर सही केली. तीन आठवड्यांनी त्यांची हत्या झाली. पुढे रुग्णालयं रिकामी होत गेली आणि १९९०च्या दशकात तिथले रुग्ण एक लाखाच्या खाली आले. पण ठरलेल्या केंद्रांपैकी कितीतरी कधी बांधलीच गेली नाहीत. एका दाराने माणसं बाहेर काढली, दुसरं दार उघडलंच नाही. आज लॉस एंजेलिस आणि शिकागोचे तुरुंग देशातली सर्वांत मोठी मनोरुग्णालयं म्हणून ओळखले जातात.

यात कोर्टाच्या दोन निकालांची भर पडली. केनेथ डोनाल्डसन नावाच्या माणसाला फ्लोरिडातल्या सरकारी मनोरुग्णालयात जवळपास पंधरा वर्षं ठेवलं होतं. त्याच्यापासून कुणाला धोका नव्हता आणि 'मला सोडा' असं तो सारखं म्हणत होता. १९७५ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, ज्याच्यापासून धोका नाही आणि जो बाहेर नीट जगू शकतो, अशा माणसाला केवळ मानसिक आजार आहे म्हणून डांबून ठेवता येणार नाही. निकाल योग्यच होता. दुसऱ्याच वर्षी, १९७६मध्ये, त्याच न्यायालयाने टेक्ससमधल्या एका कैद्याच्या प्रकरणात म्हटलं की, कैद्याच्या गंभीर वैद्यकीय गरजांकडे जाणूनबुजून दुर्लक्ष करणं ही घटनेने मना केलेली क्रूर शिक्षा आहे. हेही योग्यच.

आता हे दोन्ही निकाल शेजारी ठेवून वाचा. मोकळा फिरणारा, आजारी, पण धोकादायक नसलेला माणूस असेल, तर त्याला उपचारांची सक्ती करता येत नाही. चांगलं आहे. पण त्याला उपचार मिळवून देण्याचं घटनात्मक बंधनही कुणावर नाही. त्याच माणसाने दुकानातून सँडविच उचललं आणि तो पकडला गेला, की दोन्ही दारं एकदम उघडतात. सरकारला त्याच्यावर दबाव टाकता येतो आणि सरकारला त्याची काळजीही घ्यावी लागते. मेंटल हेल्थ कोर्ट या फटीत उभं आहे. लर्नर-रेन यांनी ही फट निर्माण केली नाही. जे होतं त्यात त्यांनी माणुसकी आणली. पण त्या माणसाच्या जागी उभं राहून पाहिलं तर क्रम असा दिसतो: आधी अटक, मग उपचार.

*

आता मर्जीकडे येऊ. तत्त्वज्ञ रॉबर्ट नोझिक यांनी १९६९ साली जबरदस्तीवर एक निबंध लिहिला. धमकी आणि ऑफर यांत फरक कसा करायचा, हा त्यातला एक मुद्दा. ढोबळमानाने असं: समोरच्याच्या प्रस्तावाने तुमची अवस्था एरवी झाली असती त्यापेक्षा वाईट होत असेल तर ती धमकी, चांगली होत असेल तर ऑफर. या हिशेबाने मेंटल हेल्थ कोर्ट ही ऑफर ठरते. एरवी तुरुंग होता, आता सुटकेचा एक रस्ता मिळाला.

पण 'एरवी' म्हणजे काय, यावर सगळं अवलंबून आहे. एरवी काय झालं असतं, की एरवी काय व्हायला हवं होतं? कडाक्याच्या थंडीत बंद दुकानाच्या आडोशाला झोपलेल्या माणसाला तुरुंगात टाकणं मुळातच अन्याय असेल, तर त्या तुरुंगातून सुटण्याची ऑफर ही कसली ऑफर? कुणी माझा रस्ता अडवला आणि मग पैसे घेऊन जाऊ दिलं, तर त्याने माझ्यावर उपकार केले असं मी म्हणणार नाही. उलट, एखाद्याने खरोखर कुणाचं नुकसान केलं असेल आणि त्याची शिक्षा न्याय्य असेल, तर तिच्याऐवजी उपचार देणं ही खरी सवलत आहे. म्हणजे कोर्टाच्या आतली मर्जी खरी आहे की नाही, हे कोर्टाच्या बाहेर, अटक होते त्या क्षणी ठरतं. बारीकसारीक गोष्टींसाठी अटक करणारं शहर आतल्या कितीही प्रेमळ न्यायाधीशाची ऑफर खोटी पाडू शकतं.

दुसरी अडचण माहितीची. संशोधक अ‍ॅलिसन रेडलिक आणि सहकाऱ्यांनी ब्रुकलिन आणि नेव्हाडातल्या वॉशो काउंटीच्या कोर्टांतल्या लोकांशी बोलून २०१० साली निष्कर्ष मांडले. आपण स्वतःहून आलो, असं बहुतेकांनी सांगितलं. पण हे ऐच्छिक आहे, 'नको' म्हणता येतं, हे आधी सांगितलं गेलं नव्हतं, असंही बहुतेकांचं म्हणणं होतं. हे दोन्ही एकाच माणसाच्या मनात असू शकतं, आणि फोन वापरणाऱ्या कुणालाही ते पटेल. अ‍ॅप उघडलं की एक स्क्रीन येते. 'मान्य आहे' हे बटण मोठं, ठळक, रंगीत. 'नको' कुठेतरी खाली, बारीक राखाडी अक्षरांत. आपण दाबतो आणि पुढे जातो. कुणी विचारलं तर म्हणू, हो, मीच दाबलं. आमच्या क्षेत्रात त्या दाबण्याला 'कन्सेंट' म्हणतात आणि डॅशबोर्डवर त्याची टक्केवारी मोजतात. अंगठा हलला एवढंच त्यातून सिद्ध होतं.

मग सगळा दबाव वाईट, असं म्हणून मोकळं व्हायचं का? इथे मला माझ्या मामाबद्दल सांगायला हवं.

माझ्या धाकट्या मामाला विशीत असताना स्किझोफ्रेनिया झाला. आपल्याला काही झालंय हे त्याला कधीच पटलं नाही. गोळ्या तो उशीखाली, खिडकीबाहेर, कुठेही टाकायचा. मग एका डॉक्टरांनी थेंबांचं औषध दिलं, ज्याला ना चव ना वास. आजी ते रोज सकाळी त्याच्या चहात घालायची. नऊ वर्षं. त्या नऊ वर्षांत मामा गावच्या दूध डेअरीत नोकरी करत होता, स्वतःचे कपडे स्वतः धुवायचा, आम्हाला सायकल शिकवायचा. मग कधीतरी त्याने बाटली पाहिली. आरडाओरडा केला नाही, काही नाही. त्या दिवसापासून त्याने घरी चहा घेणं बंद केलं. आजही तो फाट्यावरच्या टपरीवर चहा पितो, आणि घरी वाढलेलं ताट आधी दुसऱ्या कुणी चाखल्याशिवाय त्याला हात लावत नाही. मी मोठी झाल्यावर एकदा आजीला म्हटलं, 'आजी, त्याला एकदा विचारायचं तरी.' ती म्हणाली, 'अगं, तुला काय कळतंय? रात्र रात्र विहिरीच्या कठड्यावर बसायचा तो.'

तिच्या या वाक्याला माझ्याकडे उत्तर नाही. विहिरीच्या कठड्यावर बसलेल्या माणसाच्या 'नको'चा मान राखायचा म्हणजे नेमकं काय करायचं, हे स्वायत्ततेवरच्या कुठल्याच पुस्तकात मला समाधान होईल असं सापडलं नाही. पण ते ताट आधी दुसऱ्याने चाखायचं, हेही मी पाहते. दबावाने मामाला नऊ वर्षं दिली. त्या दबावाच्या लपवाछपवीने त्याच्याकडून घरावरचा विश्वास घेतला.

म्हणून आता मी 'दबाव आहे की नाही' असा प्रश्नच विचारत नाही. दबाव जवळजवळ नेहमी असतोच, घरच्यांचा, डॉक्टरांचा, पोटापाण्याचा. मी तीन गोष्टी पाहते. तो दबाव त्या माणसाला दिसतो का? त्याच्याशी वाद घालता येतो का, म्हणजे 'या गोळीने माझे हात थरथरतात, दुसरी द्या' असं म्हटलं तर कुणी ऐकतं का? आणि तो कधी संपणार हे आधीपासून ठरलेलं आहे का?

आजीचे थेंब या तिन्हींत नापास होतात, आणि तरी मी तिला दोष देऊ शकत नाही, कारण तिच्या बाजूला कुणीच उभं नव्हतं. मेंटल हेल्थ कोर्ट पहिल्या गोष्टीत तिच्यापेक्षा बरं आहे. तिथला दबाव उघड्यावर आहे, भर कोर्टात, वकिलासमोर. दुसरी गोष्ट न्यायाधीशावर अवलंबून असते. बचावाचा वकील टीमचा भाग झाला की तो अशिलाची बाजू लढवणार की टीमचं मत अशिलाला समजावणार, ही शंका तिकडच्या वकिलांनीही काढलेली आहे. तिसऱ्या गोष्टीत अनेक कोर्टं कच्ची आहेत. फ्लोरिडात सगळ्यांत किरकोळ दर्जाच्या गुन्ह्याला जास्तीत जास्त ६० दिवसांची कैद आहे. उपचारांची देखरेख मात्र अशा कोर्टांत वर्षभर चालू शकते. काही ठिकाणी आधी गुन्हा कबूल करावा लागतो, म्हणजे मधेच जमलं नाही तर कबुली तयारच. साठ दिवसांच्या गुन्ह्यासाठी वर्षभर न्यायाधीशाला आपल्या गोळ्यांचा हिशेब द्यायचा, ही सवलत आहे की वेगळ्या नावाची शिक्षा? मला वाटतं, मूळ गुन्ह्याच्या शिक्षेपेक्षा देखरेख लांबता कामा नये, हा नियम हवाच. उपचार पुढे चालू ठेवावेत, जरूर ठेवावेत, पण कोर्टाचा वरचा हात तिथे सुटायला हवा.

*

एक आक्षेप राहतो आणि तो मला सगळ्यांत जास्त टोचतो. दोघांनी एकाच दुकानातून एकच वस्तू चोरली. एकाला स्किझोफ्रेनिया आहे, दुसरा फक्त भुकेला आहे. पहिल्याला विचारलं जातं, 'तुला काय हवंय?' दुसऱ्याला सांगितलं जातं, 'तीस दिवस.' हा न्याय कसा?

सोपं उत्तर असं की, पहिल्याचा गुन्हा आजाराने घडवला. पण तेही तितकंसं खरं नाही. मिनेसोटातल्या अशा १४३ जणांच्या ४२९ गुन्ह्यांचा एक अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यात बहुसंख्य गुन्ह्यांचा आजाराच्या लक्षणांशी थेट संबंध आढळला नाही. आवाज ऐकू येतात म्हणून चोरी झाली, असं क्वचित घडतं. आजाराने नोकरी जाते, नोकरीबरोबर घर जातं, घराबरोबर माणसं जातात, आणि मग तो तिथे येऊन पोचतो जिथे तो भुकेला माणूस आधीपासून उभा आहे. म्हणजे शेवटी दोघांची कारणं एकमेकांसारखीच.

यावरून काही जण म्हणतात की मग ही खास वागणूक बंद करा. मला उलट वाटतं. 'तुला काय हवंय?' हा प्रश्न पहिल्याकडून काढून घेतल्याने दुसऱ्याला काहीच मिळत नाही. तो प्रश्न दुसऱ्यालाही विचारायला हवा, आणि दोघांनाही तो अटकेआधी विचारायला हवा.

आमच्या कामात 'वर्कअराउंड' नावाची एक चीज असते. मूळ बिघाड दुरुस्त करायला वेळ नसतो, तेव्हा त्याला वळसा घालून काम चालू ठेवायचं. वर्कअराउंड लिहिणारा अनेकदा टीममधला सगळ्यांत हुशार माणूस असतो. धोका एवढाच की, तो इतका छान चालतो की मूळ बिघाडाचं तिकीट वर्षानुवर्षं कुणी उघडत नाही. मेंटल हेल्थ कोर्टाबद्दल मला हीच भीती वाटते. ग्रॅज्युएशनच्या टाळ्यांत कुणी विचारत नाही की हा माणूस इथवर यायच्या आधी किती दवाखान्यांच्या दारातून परत गेला होता.

बिघाडाकडे वळणारे लोकही तिकडेच आहेत. मेम्फिसमध्ये १९८८ साली पोलिसांना मानसिक आजाराची चिन्हं ओळखून बेडीशिवाय परिस्थिती हाताळायचं प्रशिक्षण द्यायला सुरुवात झाली. मायामीत न्यायाधीश स्टीव्हन लाइफमन यांनी २०००पासून हे काम मोठ्या प्रमाणावर नेलं. तिथे अटका इतक्या घटल्या की काउंटीला एक तुरुंग बंद करता आला. एका न्यायाधीशाने आपल्यासमोर येणारी गर्दीच कमी करायला घ्यावी, ही मला या सगळ्यातली सर्वांत दिलासा देणारी गोष्ट वाटते. अशा कोर्टाचं यश मोजायचं तर त्याच्या ग्रॅज्युएट्सच्या संख्येबरोबर दरवर्षी किती माणसं त्याच्या दारात येतात हेही मोजायला हवं, आणि तो आकडा खाली जायला हवा.

आपल्याकडे अशी कोर्टं नाहीत. आसाममध्ये मचांग लालुंग नावाचा माणूस १९५१ साली पकडला गेला आणि २००५ साली सुटला. मधली चोपन्न वर्षं खटला न चालता, त्यातला काही काळ मनोरुग्णालयात. त्यानंतर आपल्याकडे २०१७चा मानसिक आरोग्यसेवा कायदा आला. कागदावर तो अमेरिकेच्या पुढे आहे. सरकारी मानसिक आरोग्यसेवा मिळणं हा त्याने प्रत्येकाचा हक्क ठरवला, त्यासाठी अटक व्हावी लागत नाही. रस्त्यावर भटकणाऱ्या आजारी माणसाला पोलिसांनी लॉकअपमध्ये ठेवायचं नाही, आरोग्य केंद्रात न्यायचं, असंही तो सांगतो. प्रत्यक्षात मात्र न्यायाधीश, केस मॅनेजर आणि कधीकधी पहारेकरी, ही तिन्ही कामं स्वयंपाकघरात उभी असलेली एखादी आजी करते.

याच कायद्यात एक तरतूद आहे, जिच्याबद्दल माझ्या वयाच्या फार थोड्या लोकांना माहिती आहे. कुठल्याही सज्ञान माणसाला बरं असतानाच लिहून ठेवता येतं की पुढे आपल्याला मानसिक आजार झाला आणि निर्णय घेता येईनासा झाला, तर कुठले उपचार चालतील, कुठले नकोत, आणि आपल्या वतीने कुणी बोलावं. दबावाची वेळ येण्याआधीच त्याच्याबद्दल बोलून घ्यायची ही सोय आहे. मी माझा कागद लिहायला घेतलाय. 'कुणी बोलावं' या रकान्यात नाव लिहिण्याआधी त्या व्यक्तीला विचारावं लागेल, आणि माझ्या चहात काय चालेल, काय नाही, हे तिला स्पष्ट सांगावं लागेल.